शेळी-मेंढीचं कच्चं दूध : सडापासून पेल्यापर्यंत

डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला मागणी वाढते. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून ते न तापवताच प्या, असा सल्लाही कोणीतरी देतं. या दुधाने डेंग्यू बरा होतो याला वैद्यकीय आधार नाही. कच्च्या दुधातून रोगजंतू पोटात जातात, हे मात्र शंभराहून अधिक वर्षांपासून सिद्ध आहे.

दुधात जिवाणू दोन वाटांनी येतात. पहिली वाट जनावराच्या आतून. ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जिवाणू शेळ्या-मेंढ्यांच्या कासेत ठाण मांडतो. लागण झालेली शेळी कधी गाभडते, तर कधी धडधाकट दिसत दुधातून जिवाणू सोडत राहते. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक चढत्या-उतरत्या तापाने आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्या तापाचा जिवाणू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो तिथल्या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

दुसरी वाट बाहेरची. लेंड्या, वाड्यातली माती, सडांची कातडी, धार काढणाऱ्याचे हात यांतून ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस दुधात उतरतात. स्टॅफिलोकॉकसमुळे कासही सुजते, म्हणजे दगडी होते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढल्या की पांढऱ्या गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताची झाक चटकन दिसते. छुपी दगडी मात्र अशी दिसत नाही. तिला वेगळी चाचणी लागते.

दूध कोमट राहिलं की संख्या भराभर वाढते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांवर.

आता औषधांचं पाहू. कास सुजली की प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात किंवा सडातून औषध सोडतात. त्याने मरतात ते औषधाला बळी पडणारे जिवाणू. एखाद्याकडे औषध फोडणारं विकर असतं, एखादा औषध पेशीबाहेर फेकतो. असे जिवाणू तगतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात. चुकीचं औषध, कमी मात्रा, मनाने दिलेली इंजेक्शनं यांनी ही निवड वारंवार घडते. शिवाय प्रतिकाराची जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि एक जिवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो. कच्च्या दुधातून आलेला निरुपद्रवी जिवाणूसुद्धा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंना ही जनुकं देऊ शकतो.

दिलासा असा, की औषधाला दाद न देणारा जिवाणूही उष्णतेपुढे टिकत नाही. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, एवढ्या पाश्चरीकरणाने हे रोगजंतू मरतात. घरी दुधाला नीट उकळी आणली तरी पुरतं.

दोन गोष्टी मात्र उकळूनही जात नाहीत. स्टॅफिलोकॉकसने आधीच तयार केलेलं विष उष्णतेला टिकतं. म्हणून धार काढल्यावर दूध लवकर थंड करायचं किंवा लगेच तापवायचं. दुसरी गोष्ट औषधांचे अंश. तेही उकळण्याने पुरते नष्ट होत नाहीत. असं दूध विरजलं तर कधी दही लागतच नाही, कारण औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं. औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे वेष्टनावर लिहिलेलं असतं किंवा पशुवैद्य सांगतात. तेवढे दिवस ते दूध विकू नये, घरीही वापरू नये.

कच्चं दूध पिण्यात आलं असेल आणि नंतर दिवसेंदिवस ताप, रात्री घाम, सांधेदुखी असा त्रास सुरू झाला, तर डॉक्टरांना दुधाचं आवर्जून सांगा. ब्रुसेलाच्या तापाला साधारण दोन औषधं एकत्र आणि सहा आठवड्यांपर्यंत घ्यावी लागतात. तो टाळायला दुधाची एक उकळी पुरते.