लांडग्याची हाळी

१९७१ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या नावाने एक तबकडी निघाली, 'द लँग्वेज अँड म्युझिक ऑफ द वुल्व्ह्ज'. तिच्यात अभिनेता रॉबर्ट रेडफर्डचं निवेदन होतं आणि लांडगे होते, दिवाणखान्यात खुर्चीवर बसून ऐकायचे लांडगे. त्या सुमारास अलास्का सोडली, तर अमेरिकेत लांडग्यांचा धड वावर उरला होता तो मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आणि सुपिरियर सरोवरातल्या आईल रॉयल बेटावर. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. विष, सापळे, बंदुका आणि वर शेपटीमागे इनाम. जनावर रानातून जवळजवळ गेलं, तेव्हा त्याचा आवाज घरात आला.

रानातला आवाज घरात आणायची हौस त्याहून जुनी. पाखराच्या आवाजाचं आज ठाऊक असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १८८९चं. फ्रँकफर्टमध्ये लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, घरच्या पिंजऱ्यातला पक्षी गाऊन घेतला. तो पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीत गाणारा. पुढे १९६९ मध्ये अर्व्हिंग टायबेलने 'एन्व्हायर्नमेंट्स' मालिकेच्या पहिल्या तबकडीत समुद्राची गाज विकली, तीही संगणकावर घोटून अखंड केलेली. आज झोपेसाठी फोनवर लावतात ते पावसाचे, धबधब्याचे, लांडग्यांचे तासन्‌तासांचे आवाज हे तिचेच वारस.

या आवाजांनी खरंच निवांत वाटतं का? २०१० मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी चाळीस जणांना आधी डोकं शिणवणारी गणितं घातली आणि मग वेगवेगळे आवाज ऐकवले. कारंज्याचं पाणी आणि किलबिल ऐकताना अंगावरचा ताण रहदारीच्या गोंगाटापेक्षा लवकर ओसरला. २०१७ मध्ये ब्रायटनच्या प्रयोगात मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा नैसर्गिक आवाजांनी लक्ष बाहेरच्या जगाकडे वळलं. कृत्रिम आवाजांच्या वेळी ते आत, स्वतःभोवतीच घोटाळत राहिलं. ज्यांचा ताण आधीच जास्त, त्यांना आराम जास्त पडला.

पण पाणी आणि पाखरं यांची गोष्ट वेगळी. वाहतं पाणी म्हणजे तहानेची सोय, आणि पाखरं निर्धास्त गातात तिथे आसपास श्वापद नसावं असं मन धरून चालतं. लांडगा तर स्वतःच श्वापद. त्याच्या आवाजाने डोळा का लागावा?

मला उत्तर त्याच्या सुराच्या घडणीत दिसतं. कुत्र्याचं भुंकणं कानावर आदळतं, लांडग्याची हाळी मात्र हळूच चढते, ठरते आणि घसरत विरते. एक हाळी काही सेकंदांची. मूळ कंप्रता साधारण १५० ते ७८० हर्ट्झ, म्हणजे दोन सप्तकांहून थोडा अधिक पल्ला, आणि तोही माणसाच्या गळ्याच्या आवाक्यातला. आपल्याला ती कुणीतरी आळवल्यासारखी वाटते ती उगाच नाही. शिवाय लांबून येताना हवा आणि झाडी वरचे स्वर गाळून टाकतात, खालचे तेवढे पोचतात. कानाला कळतं, हे दूर आहे. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला मिळते ती ही दुरी, मोकळ्या मैलांची. जिथे शेजारच्या खोलीतला टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, तिथे ही चैन मोठी आहे.

लांडग्याला त्यात चैन नाही. पांगलेल्या घरच्यांना गोळा करायला आणि परक्या कळपाला 'इकडे आम्ही आहोत' हे कळवायला तो ओरडतो. फ्रेड हॅरिंग्टन आणि डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात मिनेसोटाच्या जंगलात स्वतः हाळ्या देऊन हे तपासलं. ज्यांच्यापाशी ताजी शिकार किंवा पिल्लं होती, ते जागा न सोडता उत्तर द्यायचे. एकटा लांडगा बहुधा गप्प राहून निघून जायचा. त्याला उत्तर देणं परवडत नाही.

आणि आपल्या माळावर? बारामती-सोलापूरकडच्या धनगराच्या वाड्यावर हा आवाज आला की कुत्री उठतात, वाघरीतली मेंढरं एकमेकांना चिकटतात, माणूस काठी घेऊन बसतो. त्याला हाच सूर झोप आणायला लावून दाखवावा, असं मला कधीच वाटलं नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या अशाच माळांवर हाळ्या टिपल्या आणि २०२१ मध्ये दाखवून दिलं, की आवाजावरून एकेक लांडगा वेगळा ओळखता येतो. म्हणजे तिथे ओरडतो तो नुसता लांडगा नसतो, अमुक एक लांडगा असतो. देशात ते उरले सुमारे तीन हजार, आणि ज्या माळावर ते राहतात त्याला आपण अजून पडीक म्हणतो. त्यावर प्लॉट पाडताना कुणाचा हात अडत नाही, याचा मला राग येतो.

कॅनडातल्या अल्गोन्क्विन उद्यानात १९६३ पासून लोकांना लांडगे ऐकवायला नेतात. ऑगस्टमधला गुरुवार, तोही आदल्या रात्री कळपाचा ठाव लागला असेल तरच. गाड्या रस्त्याकडेला लागतात, दिवे विझतात, शेकडो माणसं अंधारात उभी राहतात. वाटाड्या तोंडाशी हात धरून हाळी देतो आणि थांबतो. फोनवरच्या आवाजातून नेमका हा थांबण्याचा वेळ कापलेला असतो. तिथे लहान मुलंसुद्धा श्वास धरून असतात. उत्तर आलं नाही, तर वाटाड्या थोडं थांबून पुन्हा हाळी देतो.