अग्निकर, ग्रामीण
आग, दरड कोसळणे इ. संकटांत लागणाऱ्या तातडीच्या सेवांसाठी स्थावर मालमत्तेवर आकारला जाणारा स्थानिक कर. अमेरिकेच्या ग्रामीण भागात अग्निसंरक्षणासाठी स्थापिलेले स्वतंत्र जिल्हे तो आकारतात. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार मालमत्ता करातच अग्निशमनाच्या खर्चाचा अंश जोडलेला असतो. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आग विझविण्यास साहाय्य करणे हा विषय पंचायतीच्या कार्यसूचीत घातला. परंतु घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी या नेहमीच्या करांत त्यासाठी वेगळा कर नाही. कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाड्यांत कुडाच्या व कौलारू घरांची घरपट्टी अल्प असते. त्यामुळे स्वतंत्र कर लावला, तरी त्यातून बंब वा पथक पोसणे अशक्यप्राय ठरते. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाहनयोग्य रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. मालमत्तेच्या मूल्यावर आधारलेला कर जेथे सर्वांत कमी जमतो, तेथेच धोका बहुधा अधिक असतो. म्हणून अशा वाड्यांच्या संरक्षणाचा भार जिल्हा व राज्य यांच्या निधीवर पडतो.