जागलीच्या झाडावरचे फास

सोयाबीन निघालं आणि तूर फुलोऱ्यावर आली की मालेगाव तालुक्यातल्या शिवारांत रात्री बॅटऱ्या हलायला लागतात. काटेपूर्णा अभयारण्याच्या बाजूनं रोह्यांचे कळप उतरतात, रानडुकरं हरभरा उकरतात. वाशीम जिल्ह्यात आता झटका मशीन आलं, भोंगे आले, तरी जागल सुटलेली नाही. तूर माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली की धुऱ्यावर उभं राहून पलीकडचं काही दिसत नाही. झाडावर दहा-बारा फूट चढून बसलं, की शेंडे कुठे हलतात ते चांदण्यातही कळतं. म्हणून माळा.

माळ्याबद्दल सगळे बोलतात, चढण्याबद्दल कोणी बोलत नाही. जागलीला गेलेला माणूस पडतो तो बहुधा चढता-उतरताना, पहाटेच्या झोपेत, दंवानं ओल्या झालेल्या सालीवरून. बांबूची शिडी जड असते, शेतात ठेवली तर जागेवर राहत नाही. खोडात खिळे ठोकून केलेल्या पायऱ्या गंजतात, आणि झाडाला जखम होते ती वेगळीच. मी ज्या काकांकडे हे काम बघायला बसलो, त्यांनी यावर दोरीचे फास काढले आहेत. सगळा सरंजाम खताच्या कट्ट्यात मावतो आणि खांद्याला लटकवून नेता येतो.

काका दोर वळणाऱ्या घरातले. पोळ्याआधी गावाला कासरे, दावी, वेसणी वळून देणं हे त्यांच्या बापाचं काम होतं. धुऱ्यावर अंबाडी लावायची, फुलोऱ्यावर कापायची, पेंढ्या नाल्याच्या साचल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. साल सुटेपर्यंत त्या कुजू द्यायच्या. त्या दिवसांत नाल्याकडून येणारा वास ज्यानं घेतला, त्याला सांगायला नको. मग साल ओढायची, आपटून धुवायची, वाळवायची. हा झाला वाख. बैल कमी झाले, अंबाडी आता भाजीपुरती उरली. पण काकांच्या घरात वाखाची एक जुडी अजून आढ्याला लटकलेली असते.

त्यांनी माझ्यासमोर थोडा दोर वळला. वाखाचे केस मांडीवर एका दिशेनं पिळायचे; असे तीन पदर तयार झाले की ते एकत्र घेऊन उलट्या दिशेनं पिळायचे. पदर सुटायला एकीकडे ओढतो, दोर सुटायला दुसरीकडे. दोघं एकमेकांना अडवतात आणि दोर वळलेलाच राहतो. या अडवणुकीत लांबी आटते, अंदाजे तिसरा हिस्सा पिळात जातो. नवशिक्या हाताचा दोर कुठे ढिला, कुठे ताठ असतो, आणि सगळं ओझं ताठ पदरावर येऊन तो आधी तुटतो. काका दोर ओढून बघत नाहीत. डोळे मिटून तो बोटांतून सरकवतात. जाडी कुठे बदलली की थांबतात, तेवढं उकलून पुन्हा वळतात.

एवढं दाखवून झाल्यावर त्यांनी तो दोर बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, हा बांधाबांधीले. जीव टांगाले नाही.’’ त्यांचं बरोबर आहे. वाख दंवानं फुगतो, उन्हानं वाळतो, आतून कुजतो आणि बाहेरून चांगला दिसतो. युरियाच्या कट्ट्यांच्या पट्ट्या काढून वळलेली दोरी त्याहून फसवी. ती हलकी असते, पाण्यात कुजत नाही, पण एक-दोन उन्हाळ्यांत चुरचुरायला लागते. जुन्या लुगड्यांची दोरी पाळण्याला ठीक. चढण्यासाठी काका बाजारातून किलोवर मिळणारा आठ मिलिमीटरचा नायलॉन दोर आणतात आणि तो फक्त याच कामाला वापरतात. विहिरीवर नाही, बैलगाडीवर नाही.

फासाची घडण साधी आहे, पण तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडली. दोराचा एक तुकडा पाऊल मावेल असा फास होऊन खाली लोंबतो. वरचा भाग खोडाला दोन वेढे घेऊन स्वतःखालून ओवलेला. पाय दिला की वेढे सालीवर आवळतात, पाय काढला की सैल होतात. नुसता दोर मात्र पावलाला कापतो, आणि अंधारात फास मिटून जातो, पायाला सापडत नाही. त्यावर काकांनी ठिबकच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा फासात ओवला आहे. नळीमुळे फास उघडा राहतो आणि तळव्याखाली पायरी येते. चार फासांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. खालचा सोडायचा, वर बांधायचा, असं करत माणूस फांदीपर्यंत पोचतो.

अंतराचा हिशेब गुडघ्यावर. पुढचा फास गुडघ्याच्या उंचीला. त्याहून वर बांधला तर हातांवर ओझं येतं. नायलॉन ताणला जातो, म्हणून फास बांधल्यावर जमिनीलगत त्यात उभं राहून दोनदा दणका द्यायचा, मग लांबी ठरवायची. ‘‘गाठ हातानं नाही, पायानं तपासा लागते,’’ हे काकांचं म्हणणं. निरगाठीनं दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते, हे गिर्यारोहणाच्या पुस्तकात वाचलेलं मी त्यांना सांगितलं. त्यांना आकड्याचं काही वाटलं नाही. गाठीपाशीच तुटलेले कासरे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहेत.

दोन्ही हात फास बांधण्यात गुंतणार, तर माणसाला झाडाशी धरून ठेवणार कोण? कमरेचा दोर. त्यात माझी एक भर आहे, सह्याद्रीत शिकलेली. खोडाभोवतीच्या जाड दोरावर बारीक दोरीचे तीन वेढे घालायचे. मोकळी असताना ही गाठ हातानं सरकते, ओझं आलं की जागीच चावते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती 1931 मध्ये मांडली आणि जगभरचे गिर्यारोहक तिला त्यांच्याच नावानं ओळखतात. बारीक दोरी पुरेशी बारीक हवी, नाहीतर ती चावतच नाही. काकांनी ती गाठ करून पाहिली, दोनदा उकलली आणि पुतण्याच्या हातात दिली.

अमेरिकेत हाच खटाटोप शिकारी करतात. धनुष्यबाणानं हरणं मारणारे तिथले लोक रुंद पट्ट्याच्या झोळीत बसून खोडाला टेकून राहतात आणि चढण्यासाठी दोरीच्या पायऱ्या घरीच बनवतात, कारण मैलभर चालताना पाठीवरचं प्रत्येक ग्रॅम जाणवतं. त्यांचा आवडता दोर पॉलिथिलीनच्या खास तंतूंचा: सहा मिलिमीटरला तुटण्याचं बळ साडेतीन टनांच्या आसपास, आणि इतका गुळगुळीत की साध्या गाठी सरकतात. म्हणून तो पोकळ दोर स्वतःतच ओवून अडकवतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर झाडावर बसायचं ते राखणीला, किंवा बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला. त्या रात्री मचाणावर जाणाऱ्या शहरी पाहुण्यांनी काकांचे फास बघावेत, असं मला वाटतं.

पीक राखायला तारेत चोरून वीज सोडणाऱ्यांना मात्र मी काहीच सूट देणार नाही. ती तार रोही मारते तशी पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मारते. त्यापुढे झाडावरची जागल कितीतरी शहाणी.

फक्त झाड बघून निवडा. महू, आंबा, चिंच चालतात. शेवग्यावर कोणी चढू नये, त्याची फांदी न सांगता मोडते. वाळक्या फांदीला माळा बांधू नका. आणि कमरेचा दोर आखूड ठेवा. लांब दोरावर पडलेला माणूस कमरेत लटकतो, छाती-पोट आवळतं, श्वास अडतो. अशा अवस्थेत तो फार वेळ काढू शकत नाही. दोर इतका आखूड हवा की पाय सुटला तरी पडायला जागाच उरू नये. माळ्यावर पोचल्यावरही तो सोडू नका, कारण झोप पहाटे तीन-चारला येते. दर हंगामाच्या सुरुवातीला फास उन्हात पसरून बोटांतून सरकवा, आणि जो खरबरीत लागेल तो बैलाला दावं म्हणूनही ठेवू नका, कापून टाका.