पंचाची शिट्टी गुणांपुरती नसते

महाड-पोलादपूरकडच्या मुलाला कबड्डी कोणी मुद्दाम बसवून शिकवत नाही. वाडीतल्या मंडळाचा सराव, जत्रेच्या रात्री दिव्यांच्या उजेडात रंगलेले सामने, मुंबईहून सुट्टीला आलेल्या काका-मामांच्या गप्पा यांतून चढाई-पकड आपसूक अंगात भिनते. त्यामुळे नियम आपल्याला येतातच, अशी इथं प्रत्येकाची खात्री असते. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मैदानाच्या कडेला घटकाभर उभं राहावं, म्हणजे किती ऐकीव नियम चालतात ते कळतं. त्यातले निम्मे गुणांविषयीचे असतात, ते सोडून देता येतील. उरलेले मुलांच्या डोक्या-गुडघ्यांशी खेळणारे आहेत.

सगळ्यांत पक्का समज असा, की पंच गुण द्यायला असतो. बोनस झाला का, पाय रेषेला लागला का, लोण बसला का, आरडाओरडाही त्याच्यावरच. प्रत्यक्षात पंचाचं काम पहिल्या चढाईच्या आधीच सुरू होतं. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, अंगाला तेल किंवा कुठलाही निसरडा पदार्थ लावलेला नको, हे नियमच आहेत. मनगटातलं कडं मुलं काढतात, पण गळ्यातल्या ताईताची वेळ आली की सोबत आलेला बाबाच म्हणतो, “देवाचं आहे, राहू द्या की.” तोच दोरा पकडीत समोरच्याच्या बोटात अडकला तर गळाही कापतो आणि बोटही. पंचाने इथं भीड धरू नये.

नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. माणसं कमी पडली की एकच क्रीडाशिक्षक शिट्टीही फुंकतो, गुणही मांडतो आणि मधूनच स्वतःच्या शाळेच्या मुलांना ओरडूनही घेतो. मग पक्षपाताची ओरड होते. मला त्यात पक्षपातापेक्षा मोठा धोका हा दिसतो, की ढिगाऱ्याखाली कोणाचा पाय कसा अडकलाय हे बघायला कोणी मोकळंच उरत नाही.

“धरला म्हणजे धरला, कसा धरला ते कोण बघतो?” नियम बघतो. पकड हातापायांची किंवा धडाची. केस किंवा कपडे धरून केलेली पकड मोजत नाहीत. दम तोडण्यासाठी तोंड दाबलं, गळा आवळला, इजा होईल अशी आडदांड पकड केली किंवा पायांची कात्री घातली, तर चढाई करणारा बाद होत नाही. कात्रीवर टाळ्या पडतात खऱ्या, पण तेव्हा चढाईपटूचा पाय जमिनीत रुतलेला असतो, धड मध्यरेषेकडे वळलेलं असतं आणि भार बाजूने येतो. गुडघ्यातलं लिगामेंट फाटायला एवढं पुरेसं आहे.

त्यात ही वाढत्या वयाची मुलं. त्यांच्या हाडांच्या टोकाशी जी वाढीची कूर्चा असते, ती आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षाही नाजूक. म्हणून मोठ्या माणसाला जिथं नुसती मुरगळ होईल, तिथं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं हाड टोकाशी मोडलेलं असू शकतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. “मुरगळलंय, ओढून बसवा” म्हणत कोणी तरी पाय खेचतो, दुसरा तेल घेऊन चोळायला बसतो. सुजलेला सांधा पहिले दोन दिवस चोळायचा नाही आणि शेकायचाही नाही. कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा आणि त्यावर भार देता येत नसेल तर एक्स-रे काढायचा. याच महाडात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन गुणकारी ठरतं हे रुग्णांच्या खाटेशी बसून दाखवून दिलं आणि मांत्रिकाच्या दाराकडे जाणारे पाय दवाखान्याकडे वळवले. विंचवाच्या बाबतीत जे पटलं, ते गुडघ्याच्या बाबतीत पटायला अजून अवकाश आहे.

आता डोक्याचं. “बेशुद्ध पडला नाही ना? मग काही नाही. पाणी मारा तोंडावर.” सगळ्यांत घातक गैरसमज हाच. मेंदूला हादरा बसण्यासाठी शुद्ध हरपावी लागत नाही. हादरा बसलेले बहुतेक खेळाडू शुद्धीवरच असतात. साखळी पकडीत कपाळाला गुडघा लागतो, दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, मुलगा उठतो, मातीही झटकतो, फक्त उभा राहतो चुकीच्या कोपऱ्यात. खूण एवढीच असते. पंचाने किंवा शिक्षकाने विचारावं : पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणाला मिळाला? उत्तर अडखळलं, डोकं दुखतंय म्हणाला, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर त्या दिवसाचा खेळ संपला. खात्री नसली तरीही संपला. निदान करणं डॉक्टरचं काम, मैदानावर संशय पुरतो.

अमेरिकेतल्या शाळांना हे फार महागात कळलं. तिथला शालेय फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा खेळ. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला, सामना संपताच कोसळला आणि मेंदूतल्या रक्तस्रावामुळे कायमचा अपंग झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने त्या राज्यात कायदा झाला : संशय आला की खेळाडू बाहेर आणि वैद्यकीय परवानगी लेखी मिळाल्याशिवाय परत नाही. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचा हादरा थांबवत नाही. आपल्या मुलांच्या डोक्यावर तर तेही नसतं.

मार लागल्यावर कांदा फोडून नाकाशी धरण्यात किंवा खांद्याला धरून उभं करण्यात वेळ जातो. मानेत दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला हलवायचंच नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, ग्लानी, फिट, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं की १०८. उमरठ-कापड्याकडच्या खोऱ्यातून पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत उतरायलाच वेळ लागतो, पुढे महाड. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग तर शंभर किलोमीटरहून लांब. गाडी कोणाची आणि चालक कुठे, हे नाणेफेकीआधी ठरलेलं असावं.

कर्णधाराने हात वर केल्याशिवाय खेळ थांबवता येत नाही, हेही खोटं. दुखापत दिसली की पंच स्वतःहून वेळ थांबवू शकतात. “शाळेची पोरं आहेत, कार्ड कशाला?” असं म्हणतात, पण हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल दाखवलं की सामन्यातूनच बाहेर, आणि हे पोरांनाच लवकर समजतं.

मैदानाबद्दल थोडं. मातीत लागत नाही, हा समज पावसात भिजून मग उन्हात कडक झालेल्या जांभ्या मातीवर एकदा पडलं की जातो. खडे वेचून, पाणी मारून, चोपून घेतलेलं मैदान वेगळं आणि आदल्या दिवशी नुसतं झाडलेलं वेगळं. रेषा आखायला फक्की वापरावी, चुना नव्हे. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं आणि चढाईपटूचं तोंड रेषेवर आपटणं तर रोजचंच. गेलाच, तर चोळू न देता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटं डोळा धूत राहायचा आणि मग दवाखाना.

वजनाचा नियम मुलांच्या भल्यासाठी आहे. किशोर गटात वयाबरोबर वजनालाही मर्यादा असते. पण काटा चुकवण्यासाठी मुलं आदल्या दिवसापासून जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत, आणि तसंच दुपारच्या उन्हात खेळतात. जिंकलं तर पुढे जिल्हा, विभाग, राज्य. दहावीचे सवलतीचे क्रीडा गुणही डोळ्यापुढे असतात, म्हणून दुखणंही लपवलं जातं. हे मुलगा सांगणार नाही, त्याच्या चालण्यावरून ओळखावं लागतं.

आणि पंच म्हणजे मोठा खेळाडूच असावा, असंही काही नाही. राज्य कबड्डी असोसिएशन पंच परीक्षा घेते. गुडघा गेल्यामुळे ज्यांचा खेळ सुटला, असे जुने खेळाडू या दोन्ही तालुक्यांत गावोगाव आहेत, आणि शाळेत चांगली कबड्डी खेळून पुढे खेळ सुटलेल्या मुलीही. त्यांनी ही परीक्षा द्यायला हरकत नाही. पंच पुरुषच हवा असा नियम नाही.