परसातली लवंगी : घरचं बी मोडू नये म्हणून



गेल्या हंगामात एका गावी गेलो असता एका आजींनी मला थेट परसात नेले. "सायेब, बी माझ्या सासूच्या हातचं. मग लवंगी अशी भोपळ्यावाणी का फुगली?" पाहतो तो, वीसेक झाडांपैकी सात-आठ झाडांची मिरची जाड व बुटकी, तिखटपणाही उतरलेला. आजींचा संशय खतावर. पण खताचा काही दोष नव्हता. आदल्या वर्षी नातवाने हौसेने त्याच वाफ्याच्या कडेला ढोबळी मिरचीची चार रोपे लावली होती.

मिरचीच्या फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे स्वतःच्याच परागावर फळ धरते. पण मधमाश्या व इतर किडे फुलाफुलांवर फिरतात आणि शेजारच्या झाडाचे पराग आणतात. लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी, ढोबळी ही नावे निराळी, प्रजात एकच. म्हणून संकर सहज होतो. फसगत अशी, की त्या वर्षी काहीच कळत नाही. फळ आईवर जाते, लवंगी लवंगीच दिसते. बदल आतल्या बियांत झालेला असतो व तो पुढच्या वर्षी झाडावर दिसतो. तोवर जुने बी संपलेले असते!

बीजोत्पादनात मिरचीच्या पायाभूत बियाण्यासाठी दोन वाणांत ४०० मीटर अंतर राखतात. परसात एवढे अंतर कुठून आणणार? त्यावर सोपा उपाय म्हणजे पातळ मलमलीची पिशवी. जुन्या धोतराचीही चालेल. झाड चांगले फुलावर आले की कळ्यांनी भरलेली एक फांदी निवडा. तिच्यावरील उमललेली फुले व धरलेली फळे आधी खुडून टाका. फक्त बंद कळ्या ठेवा. मग पिशवी चढवून तोंड सैल बांधा; फांदी आवळली जाता कामा नये. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, म्हणजे पराग आतल्या आत झडतो. सहा-सात फळे धरली, की उरलेली फुले-कळ्या खुडून पिशवी काढा आणि फांदीला लाल चिंधी बांधा. चिंधीची मिरची कालवणात जाणार नाही, एवढे घरात सर्वांना बजावून ठेवा. बी नेहमी तिथेच हरवते.

बी एकाच झाडाचे धरू नका. आठ-दहा निरोगी, वाणाला धरून असलेली झाडे निवडा. पाने आकसलेले, बोकड्या पडलेले झाड नको. असे झाड दिसताच उपटून परसाबाहेर पुरावे. फुलकिडे व पांढरी माशी दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. काळे डाग पडलेल्या फळाचे बीही घेऊ नये, कारण फळकुजीचा रोग बियांतून पुढे जातो.

रोपांचे काम तुम्हांला ठाऊकच आहे. गादीवाफा उंच असावा, पाणी साचले की रोपे कोलमडतात. पाच-सहा आठवड्यांची रोपे दोन फूट बाय दीड फुटावर लावावीत.

फळ झाडावरच पुरते लाल होऊ द्या. मग सावलीत वाळवून बी काढा. हाताला आधी गोडेतेल चोळा आणि डोळ्यांना हात लावू नका. हे सांगायला नको, पण मी स्वतः एकदा विसरलो होतो! बी तापलेल्या पत्र्यावर वाळवू नये. बोटांत वाकवल्यावर कट्कन मोडले की वाळले समजावे.

विकण्यासाठी संकरित मिरची शेतात खुशाल लावा. तिचे बी मात्र धरू नका, पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत. आणि परसाच्या कडेला तिला जागा देऊ नये, असे माझे मत.

आजींचे काय झाले? त्यांच्या बहिणीकडे तीन वर्षांपूर्वी दिलेले थोडे बी बाटलीत उरले होते. मिरचीचे बी साधारण दोन-तीन वर्षे नीट उगवते, पुढे उगवण घटते. मूठभर बियांतून अकराच रोपे आली. त्यांवर आम्ही पिशव्या बांधल्या आहेत. यंदाचे बी कोरड्या बाटलीत, घट्ट बुचाखाली दोन घरी ठेवायचे ठरले आहे, बाटलीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून.