बारा तुकड्या, चार फेऱ्या : प्राचीन रणपटाची एकदिवसीय स्पर्धा

खेळाचे स्वरूप

टेबलावर मांडलेल्या छोट्या रणभूमीवर सैनिकांच्या लघुमूर्ती हलवून, मोजपट्टीने अंतर मोजून आणि फाशाने चकमकींचा निकाल लावून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाला येथे ‘रणपट’ म्हटले आहे. बुद्धिबळात पटावर घरे असतात आणि प्रत्येक मोहऱ्याची चाल ठरलेली असते. रणपटात घरे नसतात. भूमी मोकळी असते. टेकडी, नदी, झाडी यांचा चालीवर परिणाम होतो आणि सेनापतीला हवे तेवढे हुकूम प्रत्येक वेळी देता येतीलच असे नाही. ‘प्राचीन’ या शब्दाचा अर्थ या छंदात बराच सैल आहे. तोफा-बंदुका रणांगणावर निर्णायक होण्यापूर्वीचा सगळा काळ त्यात धरला जातो.

पूर्वपीठिका

युद्धाचा खेळ करण्याची कल्पना भारताला परकी नाही. हत्ती, रथ, घोडदळ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरूनच चतुरंग हा खेळ उभा राहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीचे आणि क्रीडांचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत. त्या सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात आहे.

आधुनिक रणपटाचा उगम मात्र युरोपातला. जर्मनीत हेलविगने १७८०मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धखेळ रचला. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झच्या १८२४च्या नियमांनी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होऊ लागले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घराघरात नेला. प्राचीन काळाला वाहिलेली ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था इंग्लंडमध्ये १९६५मध्ये स्थापन झाली. पुढे फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ने १९९०मध्ये ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’, म्हणजे ‘डीबीए’, हे छोटे नियमपुस्तक काढले. एका दिवसात पूर्ण स्पर्धा घेता येते ती मुख्यतः याच पुस्तकामुळे.

प्राचीन काळ कशासाठी

मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी काळाची निवड महत्त्वाची आहे, आणि मराठवाड्यात तर ती विशेष विचाराने व्हावी. १९४८च्या पोलीस कारवाईच्या आठवणी इथल्या अनेक घरांत अजून ताज्या आहेत. त्या काळातील लढाई टेबलावर मांडली तर ती खेळ राहणार नाही. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट यांच्या लढायांबाबत असे होत नाही. खेळाडू कोणतीही बाजू मोकळ्या मनाने घेऊ शकतो आणि हरल्यावर हसू शकतो.

शिवाय हा इतिहास इथलाच आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगराचे अधिपती म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटकालीन महत्त्वाचे नगर. तिथल्या प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष आजही पाहता येतात. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे चालुक्य काळातली. नांदेडलगतचे, आता तेलंगणात असलेले बोधन हे प्राचीन अश्मक जनपदाची राजधानी असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्याला सैन्य कोणते घ्यावे असा प्रश्न पडेल त्याच्यासमोर एवढा भूगोल घराभोवतीच पसरलेला आहे.

बारा तुकड्यांची चौकट

डीबीएमध्ये प्रत्येक सैन्य बरोबर बारा तुकड्यांचे असते. तुकडी म्हणजे एका आयताकृती तळपट्टीवर चिकटवलेल्या दोन-चार मूर्ती. घोडेस्वार असतील तर दोन-तीन, हत्ती असेल तर एकच. १५ मिलिमीटर प्रमाणातील मूर्तींसाठी पट्टीची रुंदी सर्वत्र ४० मिलिमीटर असते. लांबी मात्र सैनिकाच्या प्रकाराप्रमाणे बदलते: दाट रांगेतल्या भालाइतांना १५, घोडदळाला ३०, हत्तीला ४०. रणभूमी दोन ते अडीच फूट चौरस पुरते. घरातल्या साध्या टेबलावर ती मावते.

जुन्या भारतीय सैन्यगणनेशी या चौकटीचे नाते सहज जुळते. महाभारतातील ‘पत्ती’ हे सर्वांत लहान एकक म्हणजे एक हत्ती, एक रथ, तीन घोडे आणि पाच पायदळ. हेच प्रमाण वाढत वाढत २१,८७० हत्ती आणि तितक्याच रथांच्या अक्षौहिणीपर्यंत जाते. एका पत्तीत दहा घटक होतात. त्यात दोन तुकड्यांची भर घातली की टेबलावरचे सैन्य तयार होते. मात्र हे प्रमाण आदर्श आहे. बदामीच्या चालुक्यांपर्यंत येईतो रथ रणांगणातून जवळजवळ बाद झाले होते, त्यामुळे त्यांच्या सैन्यात रथाची जागा घोडदळ किंवा पायदळ घेते.

डाव कसा चालतो

आपल्या पाळीला खेळाडू एक फासा टाकतो. जितके दान पडेल तितके हुकूम. एका हुकुमात एक सुटी तुकडी, किंवा एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तुकड्यांचा एक गट हलवता येतो. खेळाचे मर्म इथे आहे. व्यूह अखंड असेल तर एक दान पडले तरी सगळी रांग पुढे सरकते. तो फुटला की सहा पडले तरी अपुरे वाटतात. कौटिल्याने दंड, भोग, मंडल आणि असंहत असे व्यूहप्रकार सांगितले आहेत. रांग जुळलेली ठेवणे आणि तुकड्या सुट्या सोडणे यांतला फरक त्या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे, आणि एक पैसा न खर्चता तो या टेबलावर लक्षात येतो.

चकमकीत दोन्ही तुकड्या आपल्या बळात फाशाचे दान मिळवतात. उदाहरण घ्यावे. घोडदळाचे बळ ३. घोडदळाशी भिडलेल्या हत्तीचे बळ ५. घोडदळाला २ पडले तर बेरीज ५. हत्तीला ५ पडले तर १०. हरणाऱ्याची बेरीज जिंकणाऱ्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर तुकडी सहसा नष्ट होते, म्हणून इथे घोडदळ पटावरून उचलले जाते. घोडदळाला ३ पडले असते तर बेरीज ६ झाली असती आणि ते फक्त मागे हटले असते. एका दानाचा एवढा फरक पडतो. तरीही अनुभवी खेळाडू बहुतेक वेळा जिंकतो, कारण चांगल्या ठिकाणी भिडणे हे कौशल्य आहे. चार तुकड्या गमावल्या आणि नुकसान प्रतिपक्षापेक्षा जास्त झाले की सैन्य पराभूत. साधारण तासाभरात निकाल लागतो.

हत्ती

दख्खनच्या सैन्यात हत्ती येणारच. नवशिक्यांचा कल त्याच्याकडे असतो आणि पुष्कळदा सर्वांत आधी तोच गमावला जातो. घोडदळासमोर तो भारी आहे. पण चपळ हलक्या पायदळाने त्याला गाठून हरवले तर नियमांत मागे हटण्याची सवलत त्याला मिळत नाही. तो थेट नष्ट होतो. म्हणून हत्तीच्या बाजूला आपले पायदळ हवे आणि समोर शत्रूचे घोडदळ हवे. जमेल तेव्हा त्याला झाडीपासून दूर ठेवणे शहाणपणाचे.

हे नियम कल्पनेतून आलेले नाहीत. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू युआन श्वांगने महाराष्ट्राच्या राजाबद्दल लिहिताना, युद्धाआधी योद्ध्यांना आणि हत्तींनाही मद्य पाजले जाई, असे नोंदवले आहे. रविकीर्तीच्या इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीपुढे हर्षाचे गजसैन्य कोसळल्याचे वर्णन आहे. एकीकडे हत्तीला उन्मत्त करून सोडण्याची प्रथा, दुसरीकडे हत्तींच्या नाशाची प्रशस्ती: बळ आणि धोका एकाच प्राण्यात असल्याची साक्ष दोन्ही ठिकाणी मिळते.

जोडसैन्यांची पद्धत

खुल्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडू आपले सैन्य आणतो. मग कुणी हजार वर्षांच्या अंतरावरील सैन्याशी लढतो, आणि ज्याच्याकडे मूर्तीच नाहीत तो प्रेक्षक राहतो. मैत्रीपूर्ण एकदिवसीय स्पर्धेसाठी जोडसैन्यांची पद्धत निश्चितच सरस आहे. तिच्यात प्रत्येक टेबलावर इतिहासात खरोखर परस्परांशी लढलेली दोन सैन्ये संयोजक किंवा टेबलाचा यजमान मांडून ठेवतो. यजमान भूमी मांडतो, पाहुणा दोन्हींपैकी एक सैन्य निवडतो. मांडणी एका बाजूला झुकवण्याचा मोह यामुळे आपोआप संपतो.

दख्खनला अशा जोड्यांची वाण नाही. गौतमीपुत्र सातकर्णीचे सातवाहन आणि नहपानाचे क्षत्रप ही पहिली. त्यांच्या संघर्षाचा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथील नाण्यांच्या साठ्यात मिळतो. नहपानाच्या हजारो नाण्यांवर सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले आहेत. दुसरी जोडी पुलकेशी आणि हर्ष. तिसरी, इ.स. ७५३च्या सुमाराची, दंतिदुर्गाचे राष्ट्रकूट आणि दुसऱ्या कीर्तिवर्म्याचे बदामी चालुक्य. चौथी ९७३मधली, राष्ट्रकूटांची सत्ता उलथवणारा दुसरा तैलप आणि शेवटचे राष्ट्रकूट. शेवटच्या दोन जोड्यांत दोन्ही बाजूंची सैन्यरचना जवळजवळ सारखी असते, म्हणून नवख्यांना त्या टेबलांवर बसवणे योग्य. सातवाहन-क्षत्रप सामना मात्र विषम आहे. क्षत्रपांचे चपळ घोडदळ आणि सातवाहनांचे हत्ती-पायदळ यांत कोण कुणाला आपल्या आवडीच्या जमिनीवर ओढतो यावर सारे ठरते.

जोड्या आणि गुण

बाद पद्धतीत निम्मे खेळाडू तासाभरात घरी जातात. मैत्रीच्या स्पर्धेला ते घातक. साखळीत सोळा जणांना पंधरा फेऱ्या लागतील. यातून स्विस पद्धत मार्ग काढते. १८९५मध्ये झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली आणि आज जिल्हा पातळीवरच्या बुद्धिबळ स्पर्धांतही तीच रूढ आहे, त्यामुळे तिचा जाणकार पंच नांदेडात किंवा लातुरात शोधावा लागत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांची गाठ घातली जाते, झालेली लढत पुन्हा होत नाही आणि कुणीही बाद होत नाही. बरोबरी न झाल्यास आठ खेळाडूंत तीन, सोळांत चार फेऱ्यांनंतर एकच अपराजित उरतो. विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण पुरे. समान गुण झाल्यास प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज पाहणारी बुकहोल्झ पद्धत लावावी. मारलेल्या तुकड्या मोजून क्रम लावण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. पण तिने जिंकलेला खेळाडू दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला उगाच पिटाळत राहतो. खेळाडू विषम संख्येने आले तर संयोजकाने स्वतः एका टेबलावर बसावे.

दिवसाचे गणित

नांदेड आणि लातूर यांच्यात लोहा–अहमदपूर–चाकूर मार्गाने सुमारे १४० किलोमीटर अंतर आहे. दोन्ही शहरांचे खेळाडू एकत्र आणायचे तर जवळजवळ मधोमध असलेले अहमदपूर सोयीचे. सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी परतता येते. दहाला नोंदणी, साडेदहाला पहिली फेरी, पावणेबाराला दुसरी. एक ते पावणेदोन जेवण. पावणेदोनला तिसरी, तीनला चौथी, आणि साडेचारपर्यंत बक्षिसे. प्रत्येक फेरी साठ मिनिटांची. वेळ संपल्याची घंटा झाली की चालू पाळी आणि प्रतिपक्षाची एक पाळी पुरी करून थांबावे, म्हणजे दोघांना समान पाळ्या मिळतात. फेऱ्यांमधली पंधरा मिनिटे मोकळी वाटतात, पण निकाल लिहिणे, जोड्या लावणे आणि विखुरलेली सैन्ये पुन्हा मांडणे यांत ती संपतात.

साहित्य

सोळा जणांसाठी आठ टेबले, सोळा सैन्ये आणि १९२ तुकड्या लागतात. धातूच्या मूर्ती परदेशातून मागवणे महाग आणि वेळखाऊ आहे. पहिल्या स्पर्धेसाठी जाड कागदावर छापून कापलेले सैनिक पुरेसे ठरतात. त्यांना एकच शत्रू आहे, छतावरचा पंखा. कागदी घोडदळ त्याच्या झोतात सहज आडवे होते. म्हणून तळपट्टी वजनदार असावी (खाली लोखंडी वायसर चिकटवला तरी चालतो), किंवा पंखा लावावाच लागणार नाही असा दिवाळीनंतरचा, हिवाळ्यातला रविवार निवडावा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे या प्रमाणाला फार मोठे पडतात, पण किल्ला रचताना सवयीची झालेली युक्ती इथे उपयोगी पडते: टेकडीसाठी थर्माकोलचे थर, त्यावर चाळलेली माती. मराठवाड्याची भूमी दाखवायची तर हिरव्या कापडाऐवजी काळपट तपकिरी कापड अंथरावे. त्यावर फिक्या निळ्या पट्टीची मांजरा किंवा गोदावरी उठून दिसते.

पंच आणि शिष्टाचार

पंच स्वतः न खेळणारा असावा. मोजणीचे वाद दोन खेळाडूंनी आधी आपसांत मिटवावेत आणि तेवढ्याने भागले नाही तरच पंचाला बोलवावे. टेबलावर तिरका पडलेला फासा पुन्हा टाकायचा, दुसऱ्याच्या मूर्तीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, चाल करण्यापूर्वी हेतू बोलून दाखवायचा: एवढे सकाळीच ठरले की दिवस सुरळीत जातो. विजेत्याइतकेच मानाचे बक्षीस सर्वोत्तम रंगवलेल्या सैन्याला द्यावे.

मर्यादा

बारा तुकड्यांत रसद नाही, वेढा नाही, फितुरी नाही, पावसाने अडलेली मोहीम नाही. दख्खनच्या युद्धांत किल्ले आणि पाणी यांना जे स्थान होते ते या पटावर दिसत नाही. दुसरी मर्यादा पुराव्याची आहे. सातवाहन सैनिक कसा दिसत होता हे सांची आणि अमरावतीच्या शिल्पांवरून बरेच कळते. पण कोणत्या लढाईत किती हत्ती होते याचे विश्वसनीय आकडे मिळत नाहीत, आणि शिलालेखांतील प्रशस्तीत अतिशयोक्ती असते. त्यामुळे प्रत्येक सैन्यासोबत एक छोटी चिठ्ठी ठेवावी. मूर्तींचा पोशाख कशावरून घेतला, तुकड्यांचे प्रमाण कशाच्या आधारे ठरवले आणि कोणता भाग निव्वळ अंदाज आहे, हे तिच्यावर लिहिलेले असावे.