मनोऱ्यांच्या वसाहतीतील मंदी

आपल्या बेटावरून परदेशी जाणारी पुष्कळ माणसे दुबईला विमान बदलतात आणि शहर न पाहताच पुढे जातात. त्या शहरात शेख झायेद रस्त्याच्या कडेला जुमेरा लेक टॉवर्स नावाची वसाहत आहे. कृत्रिम तळी आणि त्यांच्याभोवती तीन-तीनच्या गटाने उभे केलेले उंच मनोरे. तेथे मराठी कुटुंबेही राहतात. २००८ च्या मंदीत अशा नोकरदार घरांवर काय गुदरले, ते आज सांगावयाचे आहे.

२००२ पासून परदेशी माणसाला दुबईत घर विकत घेता येऊ लागले. मनोरा कागदावर असतानाच थोडी रक्कम भरून घर घ्यायचे आणि पाया खणण्यापूर्वीच नफ्याने विकायचे, असा धंदा सुरू झाला. पगारदारही त्यात उतरले. भाडी इतकी चढली की पुष्कळ नोकरदार शेजारच्या शारजाहत राहून रोज तासन्‌तास मोटारीत काढीत.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. काही महिन्यांतच दुबईतील बांधकामे थांबली आणि घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली. ही वसाहत आखणारी नखील कंपनी तिच्याच ताब्यातली. डिसेंबरात अबुधाबीने दहा अब्ज डॉलर दिले, तेव्हा तिची वेळ निभावली.

घरांची वेळ कोण निभावणार? तेथे राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. भाड्यापोटी पुढील तारखांचे धनादेश आधीच लिहून दिलेले, आणि न वटलेला धनादेश म्हणजे तुरुंगाची भीती. काहींनी मोटार विमानतळावर टाकून विमान पकडले. अशा मोटारी किती, यावर वाद झाले. आम्हाला त्या आकड्यापेक्षा ती भीती मोठी वाटते. कित्येकांनी मार्चमध्ये शाळेचे वर्ष संपताच बायकामुलांना मायदेशी धाडले आणि स्वतः खाटेपुरती जागा घेऊन राहिले.

आपल्याकडेही १९३७ मध्ये ऊबा उसाचा भाव कापला गेला आणि रक्त सांडले. पण त्या दिवसांत चिनी दुकानदाराच्या वहीत उधारी लिहिली जाई, आणि हाताला काम नाही म्हणून कोणी बेट सोडायला सांगत नसे.

मंदीचा फायदाही काहींना झाला, हे सांगितले पाहिजे. भाडी उतरली तशी शारजाहची कुटुंबे दुबईत आली. सप्टेंबर २००९ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि २०१० मध्ये या वसाहतीचे स्थानकही उघडले. न वटलेला धनादेश २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, आणि नोकरी सुटल्यावर राहण्याची मुदतही वाढली. भाड्याचे धनादेश मात्र अजून पुष्कळ ठिकाणी पुढच्या तारखांचेच लिहून द्यावे लागतात.